शिडीचं मौन

कॉलेजच्या बास्केटबॉल संघात ज्याचा चेंडू हमखास बास्केटमध्ये जायचा, असा एकच खेळाडू होता. त्याला सगळे शिडी म्हणत. ही बाब लक्षात येताच कॉलेजने त्याचं खेळणं थांबवून त्याला प्रशिक्षक नेमलं. "एवढ्या गुणी माणसाने मैदानात घाम गाळावा, हे संस्थेला शोभत नाही," प्राचार्य म्हणाले. प्रशिक्षकाने चेंडूला हात लावायचा नाही, असा नियमही होता.

शिडी बाहेर बसल्यावर संघ पहिलाच सामना सपाटून हरला. प्राचार्यांनी कारण विचारलं. शिडी सरळमार्गी. म्हणाला, "सर, आपण वाईट खेळलो."

"अहो, हे काय कारण झालं? हे तर कुणीही सांगेल!"

तोंड पाडून तो घरी आला. त्याची ताई वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसायची. ती म्हणाली, "वेडा आहेस का? आम्ही कधी 'वीज गेली' म्हणतो का? 'पुरवठ्यात सुधारणा सुरू आहे' म्हणतो. लोक समाधानाने अंधारात घरी जातात."

पुढच्या पराभवानंतर शिडी म्हणाला, "निकाल प्रतिकूल असला, तरी पराभवाचा दर्जा लक्षणीय उंचावला आहे." प्राचार्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढे संघ इतका नेमाने हरू लागला आणि शिडी ते इतकं सुरेख समजावून देऊ लागला, की जिंकणाऱ्यांनाच ओशाळल्यासारखं होई. अखेर एका वाहिनीने त्याला समालोचक म्हणून उचललं.

तिथे एकच अट होती: बोलणं थांबता कामा नये. शिडीने ती निष्ठेने पाळली. चेंडू मैदानाबाहेर गेला, की तो 'अवकाशाचा धाडसी वापर' ठरे. खेळाडू तोंडावर आपटला, की 'मातीशी असलेलं नातं'. लोक टीव्हीकडे पाठ करून जेवता जेवता सामना ऐकू लागले.

मग मुलींचा अंतिम सामना आला. तिघींनी घेरलेल्या एका ठेंगण्या मुलीने मैदानाच्या मध्यावरून चेंडू फेकला. कड्याला न शिवता तो जाळीतून अलगद खाली उतरला. शिडीचे हात नकळत डोक्याच्या वर गेले होते, बोटं चेंडू धरल्यासारखी वाकली होती.

"अहो, बोला!" वाहिनीचे साहेब त्याच्या कानातल्या यंत्रातून ओरडले.

"बघतोय," शिडी म्हणाला, आणि सामना संपेपर्यंत बघतच राहिला.

त्याच संध्याकाळी त्याला घरी पाठवण्यात आलं. ताईने कपाळाला हात लावला. "अरे, काहीतरी बोलायचंस ना!"

"काय बोलणार, ताई? चेंडू आत गेला होता."

इकडे वाहिनीवर तक्रारींच्या फोनची रीघ लागली. चित्र स्पष्ट दिसत होतं, आवाजही येत होता. पण त्या मुलीने केलं ते चांगलं की वाईट, हे कुणी सांगितलंच नाही, अशी प्रेक्षकांची रास्त तक्रार होती.

वाहिनीतर्फे निवेदन: आपल्याही फोनची दखल घेण्यात आली आहे. नवा समालोचक रुजू होईपर्यंत कृपया टाळ्या वाजवू नयेत.