याकूबभाईंचे रेंदांग

गेल्या रमजानात सलग तीन शुक्रवार दुपारी आमच्या दारात एक साठीचे गृहस्थ पातेल्याचे नुसते झाकण घेऊन उभे राहत. पातेले नाही, झाकणच. ते जाड टॉवेलात धरलेले असे, आतल्या बाजूने वाफेचे थेंब ओघळत असत, आणि ते माझ्या नाकासमोर आणून गृहस्थ म्हणत, "वैनी, वास घ्या. आणि मन राखायला बोलू नका."

"आई, लिड अंकल आलेत!" असे माझी मुलगी आत ओरडून सांगे आणि मी हात पुसत बाहेर येई.

हे याकूबभाई. इथे कतारमध्ये, अबू हमूर भागातल्या एका व्हिलाचे मालकाने जे चार भाग केले, त्यांतल्या तळमजल्याच्या भागात ते राहतात. वरच्या भागात आम्ही. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातून ते तरुणपणी कतारला आले आणि त्यांचा जन्म मोठमोठ्या इमारतींच्या एसीचे चिलर सांभाळण्यात गेला. त्यामुळे जगातल्या यच्चयावत गोष्टी त्यांना दोनच अवस्थांत दिसतात : चालू आणि बंद. आमच्या मुलीला ताप आला की ते विचारतात, "टेंपरेचर किती? ट्रिप झाली की चालू आहे?" त्यांचा लाडका शब्द 'हँडओव्हर'. "काम अर्धवट ठेवून हँडओव्हर करायचं नाय," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कुंडीतल्या रोपापासून निकाहापर्यंत सर्व विषयांवर ऐकले आहे.

निकाह त्यांच्या मुलाचा, सलीमचा. सून नूरैन ही मलेशियाची. कामाच्या ठिकाणी दोघांची ओळख झाली. बारीक चणीची, मंद चालीची, अतिशय अदबशीर मुलगी. सासऱ्याशी ती इंग्रजीत बोलते. सासरे तिच्याशी चिलरच्या इंग्रजीत बोलतात. याकूबभाईंची पत्नी जुबैदाभाभी चार वर्षांपूर्वी वारल्या. सलीम कामात, नूरैन क्लिनिकच्या पाळ्यांत. घरात स्वयंपाक मुख्यतः याकूबभाईंचाच.

रमजान लागण्याच्या दोन दिवस आधी ते जिन्यात भेटले आणि गंभीरपणे म्हणाले, "वैनी, सून रडते."

"काय झालं?"

"आईशी व्हिडिओवर बोलत होती. त्यांची भाषा मला कळत नाय. पण रडणं कळतं. आणि एक शब्द कळला. रेंदांग. तीनदा आला."

रेंदांग म्हणजे नारळाच्या दुधात तासन्‌तास आटवलेले गोमांस. नूरैनच्या घरी त्याशिवाय ईद होत नाही. ही तिची आईपासून दूर असलेली पहिलीच ईद. याकूबभाईंनी तिथल्या तिथे निर्णय घेतला होता : ईदच्या दिवशी तिच्या ताटात तिच्या आईच्या हातचे वाटावे असे रेंदांग पडले पाहिजे. हॉटेलातून आणा, असे मी सुचवले, तर त्यांनी माझ्याकडे भाड्याच्या पंख्याकडे पाहावे तसे पाहिले.

"चार शुक्रवार आहेत. तीन ट्रायल, चौथ्याला फायनल. खलास."

विहीणबाईंना फोन गेला. सलीमने मधे बसून कृती लिहून घेतली. डबाबंद नारळाचे दूध याकूबभाईंनी नाकारले. कोकणातल्या माणसाने डब्यातले दूध वापरायचे म्हणजे खाडी सोडून नळाखाली पोहायचे, असे त्यांचे मत. नारळ खवले, पिळले. गवती चहाचे बुंधे ठेचले. आल्याच्या चुलतभावासारखे दिसणारे गलंगल कुठल्याशा दुकानातून शोधून आणले. हळदीची पाने तर घरचीच निघाली. एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यावर त्यांनी तीन कुंड्यांत हळद जगवली होती. किचनच्या दारावर कागद चिकटला : 'जॉब सुरू आहे.'

'जॉब' हा शब्द माझ्याचसाठी. मी गोमांस खात नाही हे त्यांना ठाऊक, म्हणून माझ्यासमोर त्यांनी त्याचे नाव कधी घेतले नाही. "जॉब मऊ झालाय," "जॉबला अजून तासभर लागेल," एवढेच. परंतु परीक्षक म्हणून त्यांना मीच हवी होते. "माझा रोजा, मला चाखता येत नाय. तुम्हाला खायचं नाय. दोघांचं मिळून एक नाक तरी आहे ना?"

पहिल्या शुक्रवारचा वास मला आठवतो. गवती चहाची हिरवी धार, हळदीच्या पानाचा ओलसर, मातकट गंध आणि त्यांवर नारळाची साय. सुरेखच होता, पण तो ओला होता. अंघोळ करून केस न पुसता आलेल्या माणसासारखा. "छान आहे, पण कोरडा नाही," मी म्हणाले. त्यांनी खिशातल्या वहीत लिहिले : 'वास ओला.'

इफ्तारला नूरैनने दोन घास घेतले, हसून "सेदाप, अब्बा" म्हटले आणि उरलेले ताटाच्या कडेला सारले. सेदाप म्हणजे चविष्ट. याकूबभाईंनी तो शब्द ऐकला, पण ताटही पाहिले.

"सेदाप ती खिचडीलाही म्हणते, वैनी. पाण्यालाही म्हणेल. तिच्या तोंडावर भरवसा नाय. ताट खरं बोलतं."

सलीमने अधिक प्रामाणिक मत दिले : "अब्बा, मस्त! एकदम आपल्या गावच्या रश्श्यासारखं." त्या रात्री, म्हणे, सलीमला कुणी चहा विचारला नाही.

दुसऱ्या शुक्रवारी मसाला अधिक परतला. वास ओलाच. "सेदाप, अब्बा." तिसऱ्या शुक्रवारी खोबरे करपण्याच्या उंबरठ्यापर्यंत भाजून कुटले, पाच तास मंद आच दिली. मी झाकण हुंगले आणि खाली मान घातली. याकूबभाईंनी झाकण परत टॉवेलात गुंडाळले. वही काढली नाही. मला ते पाहवेना, म्हणून मी त्यांच्यामागोमाग खाली गेले.

किचनमध्ये टोपावर तात्पुरते एक ताट ठेवलेले होते आणि त्या ताटात काठोकाठ पाणी. याकूबभाईंनी आत येताच ताट उचलले, त्यातले कोमट पाणी सवयीने टोपात ओतले, झाकण जागेवर बसवले आणि झाकणाच्या खोलगट भागात तांब्याने नवे पाणी भरले.

आपल्याकडे मटण असेच शिजते. माझ्या माहेरी साताऱ्यातही झाकणावर पाणी ठेवतात, आणि आतला रस्सा आटला की तेच तापलेले पाणी आत जाते.

"याकूबभाई, विहीणबाईंनी झाकण ठेवायला सांगितलं होतं?"

"झाकण काय सांगायचं? झाकण असतंच."

"आणि पाणी?"

"ते तर झाकणावर असतंच. नायतर जॉब खाली लागेल!" मग त्यांनी तांब्या खाली ठेवला. "झाकण नाय ठेवायचं तर मग पाणी कुठं ठेवू?"

"पाणी ठेवायचंच नसेल तर?"

माझ्या या प्रश्नाने त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव आले, ते इमारतीचे छप्पर काढा म्हटल्यावर यावेत तसे होते. पण हट्टी माणूस चूक शोधण्यातही हट्टी असतो. त्यांनी तत्काळ विहीणबाईंना व्हिडिओ लावला आणि न बोलता कॅमेरा टोपाकडे वळवला : झाकण, झाकणावर पाणी, बाजूला तांब्या. पलीकडे त्या माउलीने दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. मग त्या जे बोलल्या, त्यातले एक अक्षरही आम्हाला कळले नाही आणि सगळे कळले.

"तीन शुक्रवार मी तुम्हाला फॉल्टच हुंगायला देत होतो," फोन ठेवून याकूबभाई म्हणाले.

चौथ्या शुक्रवारी कुणीही वर आले नाही. टोप उघडा होता आणि माणूस त्याच्यासमोर उभा होता, रोजा धरून, उलथने हातात घेऊन, सकाळपासून. दुपारी वासच जिना चढून आला. आधी दुधाळ, मग तेल सुटल्याचा जड, चकचकीत, आणि तिसऱ्या प्रहरी असरच्या अजानीच्या सुमारास एक गडद, खरपूस गंध, ज्यात नारळ, मिरची, पान असे वेगळे काही उरले नव्हते. मी कठड्यावरून वाकून ओरडले, "याकूबभाई, कोरडा!"

"हलवतोय!" खालून उत्तर आले. "बोलायला लावू नका!"

रविवारी ईद. सकाळी नमाज आटोपून ते आमच्यासाठी शीरखुर्म्याचा डबा घेऊन वर आले, आणि बसा म्हणण्याआधीच खुर्चीत बसले. नवा कुर्ता, अत्तर, आणि विलक्षण चेहरा. मी विचारले, "नूरैनने खाल्लं?"

"खाल्लं."

"सेदाप म्हणाली?"

"नाय म्हणाली."

म्हणजे चौथाही फुकट, असे मला वाटले. ते मात्र गुडघ्यावर हात चोळत राहिले.

"एक घास घेतला. गप्प. दुसरा घेतला. गप्प. मग बोलायला लागली ती थांबेचना. मीठ कमी आहे. तुकडे फार बारीक केलेत. खोबरं अजून काळं पाहिजे होतं, माझ्या आईनं तुम्हाला परत भाजायला बसवलं असतं. उठली, टोप पुन्हा गॅसवर ठेवला. मी मधे गेलो, तर मला म्हणते, अब्बा, मूव्ह! माझ्याच किचनमधनं मला बाहेर काढलं, वैनी."

"मग आता?"

"आता काय? बंद मशीनच्या आवाजाची तक्रार कुणी करत नाय. चालू झालं की करतात." ते हसले, आणि ते हसू ओठांवरून निसटून डोळ्यांत गेले. "जुबैदा रोज ओरडायची. कांदा जाड चिरला, गॅस मोठा ठेवला, इथं उभे राहू नका. चार वर्षं झाली. त्या घरात मला कुणी बाजूला हो म्हटलेलं नाय. दिवसभर मी पाहिजे तिथं उभा असतो."

शीरखुर्म्यातून खजुराचा, केशराचा वास येत होता. तेवढ्यात खालून हाक आली. बारीक, पण चांगलीच चढलेली. इतके महिने त्या मुलीचा आवाज एवढा मोठा असेल असे मला वाटले नव्हते.

"अब्बा! यल्ला, कम! इट्स गेटिंग कोल्ड!"

याकूबभाई ताडकन उठले. एक चप्पल पायात, दुसरी हातात.

"जातो, वैनी," ते घाईघाईने जिना उतरू लागले. "उशीर झाला तर परत ओरडेल."