चुकून मागितलेली माफी

दादाची माफी आली तेव्हा साहेब आपल्या केबिनमध्ये खुर्चीची चाकं तपासत होते. फोनवर लिहिलं होतं : 'चूक माझीच होती. झालं गेलं विसरून जाऊ. भेटू या.' साहेबांनी ते दोनदा वाचलं, दार लोटून घेतलं आणि रुमाल काढला.

'हाक' ही कंपनी दोघा भावांनी मिळून काढली होती, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत. आधी गल्लीतल्या लोकांनी फोनवरून एकमेकांना हाका माराव्यात एवढाच बेत होता. पण गल्लीची पेठ झाली, पेठेचं शहर झालं, आणि कंपनी चार मजल्यांच्या इमारतीत आली. तेवढ्यात धाकट्याने, म्हणजे साहेबांनी, 'नावडलं' असं एक बटण काढलं. दादा म्हणाला, याने भांडणं होतील. साहेब म्हणाले, करून तर बघू. आणि करून बघायला समोर दिसलं ते दादाने 'हाक'वर टाकलेलं स्वतःचं गाणं. दादा त्याच दिवशी कंपनीतून गेला. त्यानंतर दोघं एकमेकांच्या दारात उभे राहिले नव्हते.

आणि आता ही माफी! साहेब रुमाल घडी करून ठेवतात तोच दार उघडून दादा स्वतः आत आला.

"ये ये, बस," साहेब धडपडत उठले. "मन मोठं केलंस हं दादा."

"छे रे, मोठं मन तुझं," दादा खुर्चीत टेकत म्हणाला. "मला तर वाचून भरूनच आलं."

हा दादाचा विनय, असं समजून साहेबांचं मन आणखी विरघळलं. चहा आला. दोघं एकमेकांना आधी घ्यायचा आग्रह करत राहिले आणि चहा निवला.

इतक्यात काचेवर टकटक झाली. बाहेर प्रोग्रॅमर बाई उभी होती. सगळं काम धावत करायची, म्हणून तिला ऑफिसात घाईताई म्हणत. आज तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. साहेब बाहेर आले.

"सर, ते 'मनधरणी' होतं ना? ज्यांचं बरेच दिवस बोलणं नाही त्यांना तयार माफी सुचवायची, आणि माणसाने 'पाठव' दाबलं तरच ती जायची..."

"मग?"

"'पाठव' दाबायची अटच घालायची राहिली सर. आपोआप गेली. सगळ्यांची सगळ्यांना."

साहेबांनी काचेतून दादाकडे पाहिलं. दादा निवलेला चहा मोठ्या समाधानाने पीत होता.

तक्रारींच्या टेबलावर नुसता गोंधळ होता. फोन घेणारी मुलगी रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाली, "सर, एका बाईंना नवऱ्याची माफी आलीय."

"बरं मग?"

"नवरा बाजूच्याच खोलीत बसलाय. त्या विचारतायत, ही नक्की कुठली चूक? तो काही कबूल करत नाहीये, म्हणून त्या कपाट तपासायला लागल्यात."

दुसऱ्या फोनवर एक वकील ओरडत होते. त्यांचे अशील आणि विरोधी अशील कोर्टाच्या पायरीवर गळ्यात गळा घालून रडत होते आणि आत पुकारा झाला तरी हलायला तयार नव्हते. लोक भराभर खाती बंद करत होते.

"खुलासा पाठवा, नाहीतर कंपनी बसली म्हणून समजा," जाहिरात विभागाचे प्रमुख म्हणाले. मजकूर त्यांनी लिहूनच आणला होता : 'आज आपणांस आलेली माफी तांत्रिक चुकीमुळे आली असून संबंधित व्यक्तीला तसे काहीही म्हणायचे नव्हते. कृपया ती ग्राह्य धरू नये.'

साहेबांनी घाईताईला बाजूला घेतलं. "एक माणूस वगळता येईल का गं?"

"वगळणं अजून शिकवलंच नाही सर त्याला. जातं तर सगळ्यांना."

साहेबांनी एकदा त्या भरल्या ऑफिसकडे पाहिलं. नावारूपाला आलेली कंपनी, आणि पलीकडे काचेआड घरचा माणूस. "पाठव," ते म्हणाले आणि केबिनमध्ये जाऊन दादासमोर बसले.

दोघांचे फोन एकदमच वाजले. साहेबांनी आपला टेबलावर पालथा घातला. दादाने त्याचा काढला, हात लांब करून बराच वेळ पाहिला आणि पुढे केला.

"काय आलंय बघ रे. चष्म्याशिवाय अक्षर लागत नाही मला."

साहेबांनी फोन हातात घेऊन वाचला. "सर्व्हरचं काम आहे उद्या. थोडा वेळ बंद राहील, असं आहे."

"हात्तिच्या! मला वाटलं, काहीतरी महत्त्वाचं." दादाने फोन खिशात टाकला, कपाळावर सरकवलेला चष्मा नाकावर ओढला आणि उठला. "चल, जेवून येऊ. तुझी माणसं तोवर बघतील इथलं."