सातव्या पदरापर्यंत

"अंतराच्या अंगावर हळद अशी चढेल, की ठाण्याची सासरची मंडळी डोळे चोळत राहतील!" डोंबिवलीचे निवृत्त संस्कृतशिक्षक गुणाजीमास्तर यांनी नातीच्या हळदीच्या दिवशी सकाळीच जाहीर केले.

त्वचा हे सातपदरी महावस्त्र आहे, ही त्यांची दृढ श्रद्धा. लोकांची उटणी पहिल्या पदराला नमस्कार करून परत फिरतात. आपले उटणे सातव्या पदराचे दर्शन घेऊन येईल, असा त्यांचा संकल्प होता. म्हणून मसुराचे पीठ, चंदन आणि नागरमोथा यांत त्यांनी पत्नीच्या डब्यातला पापडखार सढळ हाताने मिसळला. खाराने पापड फुलतो, तर त्वचेचे पदर का उकलू नयेत?

अंतरा रुग्णालयात परिचारिका. पण आजोबांच्या शब्दाबाहेर नव्हती.

"आजोबा, चुरचुरतंय हो!"

"पदर उकलताहेत, बाळ. धुऊ नकोस, मुरू दे."

उरलेले उटणे वाया जाऊ नये म्हणून मास्तरांनी ते स्वतःच्या टकलावर चोळले.

दुपारी ठाण्याच्या टेंभी नाक्याहून नवरदेवाच्या आत्या, मालनबाई, उष्टी हळद घेऊन गात गातच आल्या. वराला लावून उरलेली हळद वधूला लावायची, हा रिवाज. त्यांनी गाता गाता अंतराच्या गालांना बोटे लावली, आणि पिवळी हळद पाहता पाहता मारुतीच्या शेंदरासारखी लाल झाली!

गाणे थांबले.

"अगं बाई! काय कालवलंत यात?" अंतराची आई शीला किंचाळली.

"आम्ही? आमचा मुलगा बघा जाऊन, सोन्यासारखा पिवळा झालाय! तुमच्या मुलीच्याच कातडीत काहीतरी असेल!"

"माझ्या लेकीच्या कातडीवर जाऊ नका हं!"

"मग बघाच! हीच हळद तुमच्या वडीलधाऱ्यांना लावते!"

मालनबाईंनी मूठभर हळद मास्तरांच्या टकलावर थापली. ते उगवत्या सूर्यासारखे तांबडेलाल झाले!

"घ्या! हा पुरावा!" शीला गरजली.

मालनबाईंचा चेहरा उतरला. "उपाशीपोटी कुटलीय हो मी ही," एवढेच पुटपुटून त्यांनी तबक उचलले. "दादाला सांगते. लग्नाचं काय ते तुम्ही आणि तो बघा."

अंतराच्या लाल गालांवरून अश्रू ओघळले.

मास्तरांना पापडखार आठवला. लहानपणी त्यांची आई घरी कुंकू करी, तेव्हा हळदीत खारच कालवीत असे, आणि पिवळ्याचे लाल होताना ते स्वतः पाटावर बसून पाहत असत! सात पदर पाठ राहिले, आईचा हात तेवढा विसरला.

"थांबा, मालनबाई. हळद निर्दोष आहे. अपराध माझ्या उटण्याचा. त्यात पापडखार आहे."

"म्हणजे माझा डबा यांनीच संपवला!" आतून पत्नी सुमतीबाई ओरडल्या.

खारावर उतारा म्हणून आंबट ताकाने पुसताच अंतराचे गाल पुन्हा पिवळे झाले. "आजोबा, बाहेरचं बाहेर ठेवणं हेच तर कातडीचं काम," ती हळूच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मास्तरांना तेच अधिक लागले.

मालनबाईंनी हळद लावली, पण गाणे पुढे गायले नाही.

लग्नात सर्वांनी मास्तरांच्या फेट्याचे कौतुक केले. मालनबाईंपुढे मात्र त्यांनी तो उतरवला आणि हात जोडले.

"अहो, अजून लालच?"

"ताक सगळं अंतराला लागलं."

त्या खुदकन हसल्या. धीर येऊन मास्तर म्हणाले, "ते गाणं अर्धंच राहिलं होतं..."

"हळदीचं गाणं हळदीलाच गातात, मास्तर."

मास्तरांनी फेटा पुन्हा डोक्यावर चढवला.