सुपडूनानांचे तीन खटके

सुपडूनाना कधी काय तोंडात घालतील याचा नेम नाही. कुठलीही नळी दिसली की ती ओठांना लावायची, दुसरं टोक तळहाताने बंद करायचं आणि जोरात हवा ओढायची. नळी जिभेला चिकटून बसली तर माल चांगला, सुटली तर भंगार. सायकलचा पंप असो, स्टोव्ह असो, परीक्षा एकच. माझ्या काकांच्या तेराव्याला त्यांनी आचाऱ्याच्या शेगडीची पितळी नळी सर्वांदेखत चोखली होती. मी सार्वजनिक आरोग्यावर दोन पत्रकं काढलेली बाई. मला ते बघवलं नाही, आणि तसं मी तिथल्या तिथे सांगितलं. नाना नळी पुसत म्हणाले, "दम कथा गळस, ते देख." म्हणजे श्वास कुठे गळतो ते बघ. नानांना जगातल्या कुठल्याही प्रश्नावर हे एवढंच बोलता येतं.

आमचं गाव पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना लागतं. नाना तिथे फवारणीचे पंप दुरुस्त करतात. पूर्वी ते लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे ते हातात मावणारं लहान पितळी वाद्य, वाजवायचे. ते सोडलं आणि गेली तीन वर्षं एक बाजा घडवताहेत. सगळ्यांत खालचा सूर काढणारा, मांडीवर घेतला तर मागचा माणूस दिसू नये एवढा. पत्रा त्यांनीच ठोकला, नळ्या वाळू भरून त्यांनीच वाकवल्या. अडलं ते तीन खटक्यांवर. बोटाने दाबले की हवेची वाट बदलतात, ते पिस्टन. ते ठोकून होत नाहीत. केसाएवढी फट राहिली तरी सूर मेला. बाजारात मिळतात ते लहान वाद्यांचे, करंगळीएवढे. नानांना हवेत अंगठ्याएवढे.

मग नानांनी बाभळीच्या खुंट्या तासल्या, बरोबर त्या मापाच्या, आणि गावाला वाटल्या. जिथे जाल तिथे भंगारात बघा, खुंटी आत घट्ट बसली तर घेऊन या.

आणि गाव कामाला लागलं हो! कंडक्टर चोपड्याला खुंटी घेऊन जातो. केळीच्या गाडीचा ड्रायव्हर फैजपूरला गाडी भरेपर्यंत भंगारवाल्याकडे बसतो. जळगावला सुनेच्या बाळंतपणाला गेलेल्या अक्कांनी दवाखान्यातून निरोप धाडला की इथे एक आहे, पण पाणी येतं त्यातून. तो नळ निघाला.

याच काळात मी स्टँडवर बायकांसाठी शौचालय व्हावं म्हणून सह्या गोळा करत होते. उन्हात उभी राहून, घसा कोरडा करून. लोक म्हणायचे, ताई, घाईत आहोत. आणि त्यांच्या वरच्या खिशातून खुंटी डोकावत असायची. माझ्याच मावशीने पत्रकात चिवडा बांधला आणि खुंटी मात्र देव्हाऱ्यात ठेवली. मी जळत होते, हे लिहायला मला लाज वाटत नाही. हा माणूस ना भाषण करतो, ना घोषणा देतो. मागणी काय, तर तीन पिस्टन. त्याच्यामागे बठ्ठं, सगळं गाव! मी नानांना तोंडावर विचारलं, तुमच्यात असं काय आहे? ते म्हणाले, "पत्रकवाली, तुना दम कथा तरी गळी राहिना." म्हणजे तुझा श्वास कुठेतरी गळतोय.

त्यात मला एक चूक सापडली होती. बाजा उलटा होता. बँडवाले खटके उजव्या हाताने दाबतात. नानांनी खटक्यांची जागा डाव्या हाताशी सोडली होती. तीन वर्षं ठोकून माणसाने आरशातला बाजा बनवला! मी ते चारचौघांत सांगून घेतलं. नाना पुढचा पंप खोलायला बसले.

मग पत्रकं छापायला मी धुळ्याला गेले. छपाईला वेळ होता, म्हणून शेजारच्या भंगाराच्या दुकानात शिरले. मोडक्या बाजाचे तीन खटके, एका पट्टीत जोडलेले. पिशवीत खुंटी होतीच. माझ्याही होती, काय करणार. घट्ट बसली.

ते खटके मी आणले आणि आठ दिवस पत्रकांच्या गठ्ठ्याखाली दडवून ठेवले. का, तर पहिल्यांदा गावाला हवी ती वस्तू माझ्याकडे होती. नवव्या दिवशी, मंगळवारी, सौदा करायला गेले. आधी तुमच्या माणसांच्या सह्या, मग खटके.

सौदा राहिला बाजूला. नानांनी ते हातातून घेतले, तोंडाला लावले, हवा ओढली. चिकटले. ओढून काढले तर टप् आवाज झाला. नाना म्हणाले, यांची तोंडं कापून उलट्या बाजूला वळवावी लागतील. तीन दिवसांचं काम.

मी म्हणाले, "बाजाच सरळ करा ना. सगळं जग उजव्या हाताने वाजवतं."

"युसुफले उजवा हात कथा शे?" नाना म्हणाले. "शुक्रवारले तो सुरतले जाई राहिना, पोरगाकडे. कायमना." म्हणजे शुक्रवारी युसुफभाई सुरतेला पोराकडे चालले होते, ते कायमचेच.

युसुफभाई मागच्या गल्लीतले. नानांच्या बँडमध्ये मोठा बाजा वाजवायचे, वीस वर्षं नानांच्या डाव्या अंगाला उभे राहून. मग जिनिंगच्या मशीनने त्यांच्या उजव्या हाताची बोटं नेली. मला हे माहीत होतं. त्या हातावर पत्रक मीच काढलं होतं, फोटोसकट. त्यांचा डावा हात कसा आहे, हे मी पाहिलंच नव्हतं.

"नाना," मी म्हणाले, "हे खटके माझ्याकडे आठ दिवस पडून होते."

नानांनी माझ्याकडे बघितलं. रागावतील असं वाटलं. ते भट्टी पेटवायला वळले.

"मंग दम तठे गळी राहिंता," म्हणाले, म्हणजे श्वास तिथे गळत होता. "धर ही नळी. हालू नको."

तीन दिवस मी नळ्या धरल्या. शुक्रवारी सकाळी बाजा युसुफभाईंच्या दारातून आत गेला, आडवा करून. नाना आत गेले नाहीत. बाहेर पायरीवर बसले, मीही त्यांच्या शेजारी. मग म्हैस हंबरावी तसा एक आवाज आला, मोडला, पुन्हा आला आणि टिकला. पायरी हलली असं मला वाटलं.

नानांनी सदऱ्याच्या आतून फडक्यात गुंडाळलेला कॉर्नेट काढला. युसुफभाईंचा हात गेल्यापासून तो कुणी पाहिला नव्हता. दाराकडे पाठ करूनच त्यांनी तो ओठांना लावला, आणि थोडे उजवीकडे सरकून डाव्या अंगाला एका माणसाची जागा केली.

तिथे मी बसले होते. मी उठले.