वाल्दुराचा एकमेव नागरिक

वाल्दुरा गावच्या फ्लुरिन तुओरला स्वयंपाकघराच्या भिंतीत एक मीटर रुंदीची खिडकी पाडायची होती. चाळीस वर्षं त्याने खिडकी नसलेल्या तळघरात मुरायला ठेवलेलं चीज उलटंपालटं करत काढली होती. आता निवृत्तीनंतर सकाळची कॉफी डोंगराकडे बघत प्यावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं. भिंत त्याची, काच त्याची, डोंगर कुणाचाच नव्हता. अर्ज एका दुपारी मंजूर होण्यासारखा होता.

त्याच आठवड्यात कँटनच्या, म्हणजे प्रांताच्या, सरकारचं पत्र आलं. गावची अध्यक्ष उर्सिना हीच कर ठरवते, हीच वसूल करते आणि करावरच्या तक्रारीही हीच ऐकते, हे लोकशाहीला शोभत नाही. सत्तांची विभागणी करावी. उर्सिनाला ते पटलं. मागच्या वर्षी तिने स्वतःच्या कुत्र्यावर कर बसवला होता, त्यावर अपील केलं होतं आणि ते फेटाळलं होतं. तो निकाल तिला अजूनही अन्यायकारक वाटत होता.

ग्रामसभेने ठरवलं की एका माणसाकडे एकच पद. कायदे करणारे निराळे, ते राबवणारे निराळे, निवाडा करणारे निराळे. या तिघांवर लक्ष ठेवायला एक समिती, आणि ती लक्ष ठेवते का हे बघायला उपसमिती. निवडून आलेल्याने पद नाकारायचं नाही हा तिथला कायदा, आणि जो सभेला नसेल त्याच्याच गळ्यात पद घालायचं ही रीत. फ्लुरिन त्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे गेला होता. सुजलेला गाल धरून, मनाची तयारी करून तो परतला. पण गावात प्रौढ माणसं अडतीस आणि पदं भरली सदतीस.

"अभिनंदन," उर्सिना म्हणाली. "तू नागरिक."

"आणि तुम्ही सगळे?"

"आम्ही शासन."

सदतीस पदांना मानधन हवं, म्हणून कर आला. पण कर ठरवणाऱ्याने स्वतःचा कर ठरवणं म्हणजे हितसंबंधांची गल्लत, आणि वसूल करणाऱ्याने स्वतःकडून वसूल करणं त्याहून वाईट. तपासाअंती कर बसवण्यास निर्दोष असा एकच इसम सापडला. मतदानाचा अधिकारही त्याच कारणाने त्याच्या एकट्याकडे उरला होता. फ्लुरिन विरोधात हात वर करणार, तेवढ्यात सचिवाने नियम वाचून दाखवला: विषय ज्याच्याशी निगडित आहे, त्याने मतदान होईपर्यंत सभागृहाबाहेर थांबावं. तो बाहेर कोटांच्या खुंट्यांपाशी उभा राहिला. आत सदतीस जण हात मांडीवर ठेवून बसले. बाजूने शून्य, विरोधात शून्य. कुणाचाच विरोध नसल्याने कर एकमताने संमत झाला.

खिडकीचंही तसंच. बांधकाम खात्याची हरकत नव्हती, पण परवानगीचा नियम करणं त्यांच्या कक्षेत नव्हतं. कायदेमंडळाचीही हरकत नव्हती, पण एका माणसापुरता निर्णय देणं हे न्यायालयाचं काम. न्यायाधीश बाल्थासार हा जनावरांचा निवृत्त डॉक्टर. तो म्हणाला, वाद असल्याशिवाय न्यायालयाला तोंड उघडता येत नाही.

"कुणाची हरकतच नाही, म्हणून अडलंय रे," तो हळहळला.

फ्लुरिनने मग सभेत स्वतःसाठीही एखादं पद मागितलं, अगदी बिनकामाचं असलं तरी चालेल म्हणाला.

"तू इकडे आलास तर आम्ही शासन करायचं कुणावर?" बाल्थासार म्हणाला. "जरा गावाचा विचार कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लुरिनने छिन्नी-हातोडा घेतला. दुपारपर्यंत भिंतीचा चुरा रस्त्यावर आला आणि शासन समोर जमलं. पोलीसप्रमुखाला आदेशाशिवाय अडवता येईना. न्यायालयाला तक्रारीशिवाय आदेश काढता येईना. शासनाने फिर्यादी व्हायचं नाही हे ठरलेलंच होतं, म्हणजे तक्रार करायची ती नागरिकानेच. सगळ्यांनी नागरिकाकडे पाहिलं.

"माझी तक्रार नाही," फ्लुरिन म्हणाला आणि पुढचा घाव घातला.

काच बसल्यावर तो कॉफी घेऊन बसला. समोर डोंगर होता. साधारण अकरा मिनिटं तो युरोपातला सगळ्यात स्वतंत्र माणूस होता. बाराव्या मिनिटाला त्याला डोंगराच्या डाव्या पायथ्याशी काहीतरी आडवं आलेलं दिसलं. उर्सिनाने परसात सशांसाठी नवी खोपी बांधली होती. त्याने काचेवर पट्टी लावून मोजलं: तीन सेंटीमीटर. या खोपीला परवानगी असणं शक्यच नव्हतं.

तो कोट घालून कचेरीत गेला आणि तक्रारीचा अर्ज मागितला. सगळी खाती उठून उभी राहिली. कुणी खुर्ची आणली, कुणी पेन.

"अरे, सशांची खोपी ती," उर्सिना म्हणाली. "नुसतं सांगितलं असतंस तर हलवली असती."

"सांगायचं नाहीये. लिहायचंय."

अर्जाच्या शेवटी प्रश्न होता: यामुळे आपलं कोणतं स्वातंत्र्य हिरावलं गेलं? फ्लुरिनने बराच वेळ विचार केला. मग, तुम्ही-आम्ही लिहितो तशाच ठसठशीत अक्षरात त्याने लिहिलं: प्रश्न तत्त्वाचा आहे.