सबनीसकाकांची तळघरातली दारू

पहिल्या दिवाळीला मी सबनीसकाकांना बेसनाचे लाडू नेऊन दिले, तेव्हा ते 'वा' म्हणाले नाहीत की 'कशाला त्रास घेतलास' म्हणाले नाहीत. ताटली घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेले, वजनकाटा काढला आणि एकेक लाडू त्यावर ठेवायला लागले. मी दारातच उभी. शेवटचा लाडू उतरवून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"चवीला चांगले असतील," ते म्हणाले. "पण नीलिमा, तुझ्या हातात सातत्य नाही."

सबनीसकाका आमचे घरमालक. माझा नवरा समीर वोल्फ्सबुर्गच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होता आणि तिथून जरा दूर, एका खेड्यात, काकांच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला होता. खाली काका एकटे. गावात आम्ही सोडून दुसरं मराठी माणूस नाही. सकाळी माझा जर्मनचा क्लास असायचा, दुपारनंतर मला काही काम नसायचं. रिकाम्या माणसाच्या डोक्यात संशय फार चांगला वाढतो, हे मी तिथं शिकले. आणि तो वाढवायला सबनीसकाकांसारखा घरमालक लाभला होता.

काका साठच्या दशकात कराडहून इथं शिकाऊ म्हणून आले आणि कारखान्यातूनच निवृत्त झाले. त्यांचं मराठीही त्याच काळात थांबलं होतं. ते ट्रेनला आगगाडी म्हणत, समीरच्या ईमेलला टपाल म्हणत. मधूनच "आल्झो", म्हणजे 'तर मग', म्हणून घसा साफ करत. पण त्यांचा खरा शब्द एकच होता : "कशावरून?"

"काका, आज छान ऊन आहे."

"कशावरून? दुपारपर्यंत थांब."

"काका, बस सुटली."

"कशावरून? गेलेली तू पाहिलीस, का थांब्यावर कुणी दिसलं नाही म्हणून धरून चाललीस?"

खिडकीबाहेर त्यांनी तीन थर्मामीटर लावले होते. एकावर विश्वास नाही म्हणून दुसरा, आणि त्या दोघांचं पटेना म्हणून तिसरा. डॉक्टरनं रक्तदाब मोजला की ते दुसरा हात पुढे करायचे. युरो येऊन थोडीच वर्षं झाली होती. नोट हातात आली की अजून उजेडात धरून बघायचे. एकदा मी न राहवून विचारलं, "काका, तुम्ही लग्न का नाही केलंत?"

"जमलं असतं, कशावरून?" ते म्हणाले आणि थर्मामीटर बघायला गेले.

इथपर्यंत गंमत होती. पण मग तळघर होतं.

आमच्या घरात प्रत्येकाला तळघराचा एक भाग होता. आमच्या भागात सुटकेसा आणि सायकल. काकांच्या भागाला लोखंडी दार, त्याला दोन कुलपं. शनिवारी सकाळी ते आत जायचे ते जेवायलाच वर यायचे. आतून आधी घरघर ऐकू यायची, वॉशिंग मशीनसारखी, पण काही केल्या न थांबणारी. मग खट्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा खट्. एकदा पायऱ्यांवर मला पिवळा मक्याचा भुगा सापडला. एकदा त्यांच्या कोटाच्या खिशातून काहीतरी किणकिणलं आणि त्यांनी पटकन खिशावर हात दाबला.

"समीर, हा माणूस खाली काय करतो?"

"छंद असेल गं काहीतरी."

"दोन कुलपांचा छंद?"

त्या काळात टीव्ही लावला की रोज दहशतवाद्यांच्या शोधात कुणाच्या ना कुणाच्या घरात पोलिस शिरलेले दिसायचे, आणि ज्यांच्या घरात शिरायचे त्यांचे चेहरे आपल्यासारखेच सावळे. आमचा व्हिसा नवीन. काकांबद्दल कुणी येऊन विचारलं तर काय सांगायचं, हे मी मनातल्या मनात जर्मनमध्ये जुळवायला लागले. क्रियापद शेवटी जायचं आणि वाक्य पुरं व्हायच्या आत मला घाम फुटायचा.

आणि एका दुपारी खरंच दोन माणसं आली. हातात फाइल. सरकारी ऑफिसातून आलो, म्हणाली. काका त्यांना घेऊन तळघरात गेले. मी वरच्या जिन्यात कान लावून उभी. माझ्या डोळ्यांपुढं विमानतळ, परतीचं तिकीट, सासूबाईंचा चेहरा.

थोड्याच वेळात ती दोघं वर आली, हसत हसत हात मिळवून निघून गेली. काका मात्र लालबुंद.

"काय झालं काका?" मी जिन्यातूनच विचारलं.

"काय व्हायचंय! नीट तपासलंच नाही त्यांनी!" काका कडाडले. "कपाट उघडलं, एक नजर टाकली, अलेस इन ओर्डनुंग म्हणाले आणि चालले. सगळं ठीक आहे, कशावरून? डबे उचलून तरी बघायचे! अशानं देश चालतो होय?"

मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक. किल्ल्या काढल्या आणि म्हणाले, "ये. तूच बघ. निदान तू तरी नीट बघशील."

आत एक स्वच्छ टेबल, त्यावर एक हातदाब यंत्र, सोनाराच्या काट्यासारखा नाजूक काटा, आणि ओळीनं उभ्या पितळी पुंगळ्या. बंदुकीच्या काडतुसांच्या. सबनीसकाका घरी काडतुसं भरायचे. रीतसर परीक्षा देऊन, परवाना काढून. गावच्या नेमबाजी क्लबचे, शुट्झनफेराइनचे, ते जुने सभासद होते.

"विकत मिळत नाहीत?" मी विचारलं.

"मिळतात. शिवलेल्या विजारीही मिळतात. बसतात का सगळ्यांना?"

मग त्यांनी मला सगळं दाखवलं. झाडलेली पुंगळी फिरत्या ड्रममध्ये मक्याच्या भुग्यात घोळून चकचकीत करायची. ती घरघर त्या ड्रमची. मग यंत्रात दाबून मूळ मापाला आणायची, ते खट्. बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी, पोटात मोजून दारू, तोंडाशी गोळी. दारू प्रत्येकीत अगदी सारखी हवी. कमीजास्त झाली की गोळीचा वेग बदलतो, आणि वेग बदलला की एक गोळी वर लागते, एक खाली. वेग मोजायचं यंत्रही त्यांच्याकडे होतं; गोळी त्यावरून गेली की आकडा दिसायचा. अर्थात काकांचा त्याच्यावरही संशय होता.

"ओढणी सावर," ते मधेच म्हणाले. "वारा लागतो काट्याला." मी ओढणी कमरेला खोचली. "आणि श्वास तिकडे तोंड करून घे."

त्या रविवारी मी कॉलिंग कार्डावरून आईला फोन केला आणि मोठ्या उत्साहात सांगितलं, "अगं, आमचे घरमालक तळघरात बसून दारू मोजून भरतात."

आई म्हणाली, "मोजून ना? मग बरं आहे."

माझा संशय फिटला असं मला वाटलं. पण उन्हाळ्यात काका मला आणि समीरला क्लबवर घेऊन जायला लागले आणि तिथं होर्स्ट भेटला.

होर्स्ट काकांच्याच वयाचा, उंच, ढगळ, गडगडाटी हसणारा. काका कारखान्यात लागले तेव्हा शेजारच्या यंत्रावर तो होता. पहिल्या नाताळात सगळे आपापल्या घरी गेले आणि काका वसतिगृहात एकटे राहिले, तेव्हा हाच त्यांना दंडाला धरून आपल्या आईकडे जेवायला घेऊन गेला होता. तेव्हापासून दोघं दर शनिवारी भेटत आणि भांडत. होर्स्ट दुकानातली काडतुसं वापरायचा आणि काकांच्या तळघराला 'स्वयंपाकघर' म्हणायचा. "काय सबनीस, आज काय शिजवलंस?" आणि क्लबच्या वार्षिक स्पर्धेत वर्षानुवर्षं या दोघांतलाच कुणीतरी पहिला यायचा.

एका शनिवारी होर्स्ट कुणाशी तरी बोलायला बाहेर गेला. त्याचा काडतुसांचा डबा बाकावर होता. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, डबा उघडला, आतली काडतुसं काढून खिशात टाकली आणि दुसऱ्या खिशातली आत लावून ठेवली. दिसायला अगदी तशीच. मी खांबाआड उभी होते.

मग मला सगळंच दिसायला लागलं. होर्स्टच्या झाडलेल्या पुंगळ्या काका वाकून वाकून वेचायचे. त्याच पुंगळ्या घरी नेऊन भरायचे, म्हणजे बुडावरचा कंपनीचा शिक्का तोच, ओळखू येणार नाही. आणि वार्षिक स्पर्धा तोंडावर आलेली.

"हरवायचं असेल त्यांना होर्स्टला," मी रात्री जेवताना समीरला म्हटलं.

"काका असं करणार नाहीत."

"कशावरून?" मी म्हटलं, आणि जीभ चावली.

स्पर्धेचा दिवस उजाडला. बाहेर सॉसेज भाजली जात होती, बॅंड वाजत होता, बायकांनी केक आणले होते. होर्स्ट केकच्या टेबलाशी गेला तेव्हा काकांनी पुन्हा तेच केलं. मला राहवेना. मित्राला फसवतो हा माणूस, आणि मी त्याच्या घरात राहून गप्प बसायचं? आणि बंदुकीचा खेळ आहे. कुणाला काही झालं तर? मी तडक होर्स्टला गाठलं आणि माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगून टाकलं, की हेर सबनीस तुमची काडतुसं बदलतात.

होर्स्ट हसला नाही. हातातली केकची बशी त्यानं खाली ठेवली.

"श्श्," तो म्हणाला. "माहीत आहे मला."

तो हळूहळू, मला समजेल अशा सोप्या शब्दांत बोलायला लागला. गेल्या वर्षी चेरी काढताना तो शिडीवरून पडला. खांद्याचं ऑपरेशन झालं. बंदुकीचा धक्का आता सोसवत नव्हता, पण ते कुणाला सांगायची त्याला लाज वाटत होती. एका शनिवारी दोन गोळ्या झाडून त्यानं बंदूक खाली ठेवली आणि आज हवा बरी नाही म्हणाला. हिवाळा सरल्यावर एकदा डबा उघडला तर काडतुसं दिसायला तीच, पण धक्का जेमतेम. आणि गोळी मात्र बरोबर मध्यात.

"कारखान्यात मी आयुष्यभर सुटे भाग तपासले," होर्स्ट म्हणाला. "गोळी हातात घेतली की मला नाही कळणार? पण पहिली खांद्याला लावून झाडली तेव्हाच कळलं होतं. धक्का कमी करून गोळी त्याच जागी पाडायची, हे सोपं नाही. त्याचा सगळा हिवाळा गेला असेल त्यात."

"मग तुम्ही त्यांना बोलत का नाही?"

"आल्झो, बोललो की तो म्हणेल, मी काहीच केलं नाही. आणि परत करणार नाही. मग मी घरी बसेन." त्यानं मैदानापलीकडे पाहिलं. तिथं काका एकटेच उभे राहून, बोट ओलं करून वारा कुठून येतो ते बघत होते. "आणि मी घरी बसलो, तर शनिवारी तो कुठे जाईल? तू काही पाहिलं नाहीस. गेनाऊ? बरोबर?"

"गेनाऊ," मी म्हटलं.

स्पर्धा होर्स्टनं जिंकली. काका दुसरे आले. होर्स्टनं त्यांच्या पाठीत थाप मारली, "अरे, स्वयंपाकघरातलं कधी दुकानातल्यासारखं होतं का!" काका तोंड पाडून बसले, पण त्यांचे कान मी पाहिले. आनंदानं लाल झाले होते.

समीर क्लबच्या पोरांबरोबर मागं थांबला. मी काकांच्या गाडीतून निघाले. दोन्ही बाजूंना मोहरीची शेतं, रस्ता रिकामा. काका समोर बघतच म्हणाले, "तू पाहिलंस मला. खांबाआडून."

"हो काका."

"त्याचा खांदा गेलाय. सांगत नाही. गाढव आहे." त्यांनी गियर बदलला. "त्याला यातलं काही कळता कामा नये. फार भोळा आहे तो. कळलं तर त्याला वाईट वाटेल."

मला खूप काही सांगावंसं वाटत होतं. "नाही कळणार," मी म्हटलं.

"पुढच्या वर्षी दारू आणखी हलकी करीन. आज तिसऱ्या गोळीला त्यानं डोळे मिटले, मी पाहिलं."

"आणि त्याच्या पुढच्या वर्षी?"

"त्याहून हलकी."

एक ट्रॅक्टर समोरून आला, काकांनी गाडी कडेला घेतली, त्याला जाऊ दिलं. मी म्हटलं, "पण काका, दरवर्षी अशी हलकी करत गेलात, तर गोळी तिथवर पोचेल का?"

काकांनी आरशात बघितलं, मागं कुणी नव्हतं. तरी त्यांनी वळायचा दिवा लावला आणि गाडी हळूच रस्त्यावर घेतली.

"पोचवीन," ते म्हणाले.