शिडीबाई, चुना संपला

आमचे भासरे शिडीसंग बोलत. भासरे म्हणजे माह्या नवऱ्याचे मोठे भाऊ. नाव मी घेत नाही, आमच्यात भावसून घेत नाही. गाव त्याईले चुनाबुढा म्हणे, तेच धरा.

भासऱ्याच्या तोंडासमोर भावसुनेनं यायचं नाही, बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. पण शिडीवरच्या माणसाले खालून चुना द्यायले कोणी तं पाह्यजे. म्हणून ते वर तोंड करून म्हणत, "शिडीबाई, चुना संपला." मी पदर नाकापर्यंत ओढून बालटी वर सरकवाची अन् पळीनं शिडीवर ठकठक करायची. म्हणजे, घ्या. एका घरात इतकी सालं काढली, पण त्याईचं तोंड मी धड पाह्यलं नाही. टाचा मात्र इचारा. नुसत्या भेगा, अन् भेगाईत चुना.

घर कवेलूचं, घाटंजीपासून पायी जायच्या रस्त्यावर. कवेलूतून कचरा पडते, इच्चू पडते, म्हणून माह्या खोलीत वर गोणपाट शिवून ताणलं होतं. तेच आमचं छत. लोकं दसऱ्याच्या आंधी घराले चुना मारून मोकळे होत. आमचे भासरे वावरात सीतादही, म्हणजे वेचणीची पूजा झाली, पहिल्या वेचणीचा कापूस घरी आला, का मंग शिडी काढत. गडी लावत नसत. म्हणत, "घरचं छत घरच्यानंच रंगवाव." अन् रंगवणं कसं? सकाळी एक कोपरा. मंग तंबाखू मळत छताकडं पाहत उभे. संध्याकाळी तोच कोपरा परत. कोणी पुसलं तं एकच बोलणं, "ओलं हाये अजून."

आण्याचे नये पैसे झाले, त्या साली माहा नवरा तापानं गेला. पोरगी शांती अंगावर पीत होती. मले रडायले फुरसत नाही भेटली, वेचणी सुरू होती. कापूस कोणासाठी थांबत नाही.

माही जाऊ, मोठ्याबाई, तिच्यासमोर भासरे म्हणजे मांजर. ती दारात उभी राहून म्हणे, "एकट्या बाईले खोली कायले पाह्यजे? कापूस काय माह्या डोक्यावर ठेवू? कोठ्यात बैलाईजवळ जागा हाये. ऊब बी राह्यते."

ऊब राह्यते म्हणे. बोलून जायचं कोठी होतं? मायबाप राह्यले नव्हते.

ती कापसाची टोपली घेऊन खोलीत शिराले आली, तं भासरे शिडीवर. "ओलं हाये अजून." चुन्याचा थेंब कापसावर पडला, का व्यापारी त्याले कवडी म्हणून बाजूले काढते. मोठ्याबाई बडबडत परत गेली. कापूस तिच्याच खोलीत भरला. संक्रांतीपर्यंत बाई ढिगावर झोपली, रातभर शिंकत. भासरे ओट्यावर.

पुढच्या साली छत जरा लवकर वाळून राह्यलं होतं. तं भासऱ्याईनं चुन्यात गूळ टाकला. चुना धरून राहाव म्हणून चिमूटभर टाकतात लोकं. याईनं अख्खी भेली टाकली. सकाळी पाहतो तं छत काळं! मुंग्या. अंथरुणात मुंग्या, पोरीच्या कानात मुंगी. गाव पाहायले आलं.

शेजारी म्हणे, "चुनाबुढा, गुळावर कायले थांबले? छताले पेढे बी चारा!"

भासरे म्हणत, "मुंग्याईची काय चूक? गूळ चांगला निघाला."

मोठ्याबाईनं कपाळ बडवलं. मंग खरडा, परत मारा. त्या संक्रांतीले आमच्या घरी तिळाले गूळ नव्हता, अन् छत ओलंच होतं.

हसाचे ते हसले. माह्या हाताची सालटी निघाली चुन्यानं. दिवसभर वावरात वेचा, घरी आलं का बालट्या उचला. एक दिवस शांतीच्या डोळ्यात थेंब गेला. पोरगी लय रडली. दुसऱ्या दिवशी मी रीत मोडली. भिंतीकडं तोंड करून म्हटलं, "शिडीबाई, त्याईले सांगा, आता पुरे झालं. वाळू द्या एकदाचं."

वर कुचा थांबला. मंग हळूच आवाज आला, "शिडीबाई, छत वाळलं का खोलीत कापूस येते. कापूस आला का लेकरू कोठ्यात जाते."

अन् कुचा परत सुरू.

मी पळीनं ठकठक केलं. दुसरं काय करणार?

राग बी आला, खोटं कायले सांगू. एवढं समजत होतं तं बायकोले एकदा तोंडानं सांगाचं. पण तेवढी छाती नव्हती त्याईची. जेवढी होती तेवढी शिडीवर चढे.

शांती शाळेत जाऊ लागली, त्या उन्हाळ्यात भासरे ऊन लागून गेले. तिरडीजवळ बी मले तोंड दिसलं नाही, बाया मांगं उभ्या होत्या. टाचा दिसल्या. कोणी तरी धुतल्या होत्या. भेगाईतला चुना काही निघाला नव्हता.

मंग वेचणी आली. मोठ्याबाई दारात आली, टोपली कमरेवर. "आता तं वाळलं ना? उचल गोधडी."

मी गोधडी उचलली. घडी करून शांतीजवळ देली. मंग लुगडं खोचलं, शिडी लावली अन् चढली.

"अव्वा! बाईमाणूस शिडीवर? गाव काय म्हणन? हे बी येडी झाली!"

वर हात लावून पाह्यला. गोणपाट कोठी हाताले लागतच नव्हतं. थरावर थर, निरा चुना, भाकरीएवढा जाड. वाळून कवाचा दगड झालता. मी कुचा बुडवला. खाली पाह्यलं नाही.

म्हटलं, "ओलं हाये अजून, मोठ्याबाई."